शिक्षावहीतली पन्नास वर्षं

सोमवार, ५ फेब्रुवारी

नववी नोंद झाली. लाल शाईत, तारीख घालून, खाली रेघ मारून.

म्हणजे आता एकच उरली. आमच्या शाळेत कुणी काही उद्योग केला की त्याचं नाव शिक्षावहीत जातं, आणि एका नावावर दहा नोंदी झाल्या की शाळा सोडल्याचा दाखला हातात. हा नियम ऑफिसबाहेर फ्रेम करून लावलाय. मी रोज त्याच्या काचेत बघून केस नीट करते.

दाखला मिळाला तर पुढे काय, तेही ठरलंय. बाबांनी मावशीला फोन करून ठेवलाय. मावशी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत गणित शिकवते. घरीही गणितच शिकवते. तिच्याकडे राहायचं, तिच्याबरोबर बसने जायचं, तिच्याच वर्गात बसायचं, तिच्याबरोबरच परत यायचं. तिचा मुलगा पाच वर्षं असा शिकला. आता त्याला "जेवलास का" विचारलं तरी तो आधी "समजा" म्हणतो.

केलं काय होतं, तर शुक्रवारी सूचनाफलकावर एक कागद लावला. 'सर्व शिक्षकांनी दुसऱ्या तासाला आपापली खुर्ची घेऊन मैदानावर यावे. खुर्च्यांची मोजणी आहे. आदेशावरून.' बस्स. आदेश कुणाचा ते मी लिहिलंच नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. एकवीस शिक्षक एकवीस खुर्च्या घेऊन उन्हात हजर. विज्ञानाच्या सरांनी एक स्टूलही आणलं, "हेही मोजून टाका" म्हणून. पीटीच्या सरांनी सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं. खुर्च्यांच्या उंचीप्रमाणे.

सगळी शाळा खिडक्यांतून हसत होती. मी शहाण्यासारखी मान खाली घालून धडा उतरवत होते. तिथेच फसले. उपमुख्याध्यापक वर्गात आले, एक नजर फिरवली आणि म्हणाले, "भुंगा, तू एकटीच हसत नाहीयेस. ऑफिसात ये."

भुंगा म्हणजे मी. घरीदारी सगळे तेच म्हणतात. उपमुख्याध्यापकांना आम्ही 'शिस्त' म्हणतो. शिक्षावही तेच लिहितात, अठ्ठावीस वर्षं. बाकी माणूस तब्येतीने वाईट. कायमचा खोकला. वर्ग वीस पावलांवर असतो तेव्हापासून खोकत येतात, तोवर मागच्या बाकावरचं सगळं सामान दप्तरात गेलेलं असतं. इतकी वर्षं नोकरी करून माणसाला एवढं कळू नये, कमाल आहे.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. ते म्हणाले, "दहावर थांबायची सोय नाही बरं का. तिथून थेट खाली." आई याच शाळेत शिकली आणि 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' हे वाक्य ती दिवसातून दोनदा म्हणते. वाटलं आज आकाशपाताळ एक करेल. तिने विचारलं, "नऊ? नक्की नऊ?"

"हो."

"मग जेव."

ही वहीही तिनेच दिलीय. मनातलं लिहीत गेलीस तर हातून जरा कमी घडेल, म्हणाली.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

शिक्षा नुसत्या नोंदीवर भागली नाही. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बोलावलं. शेजारी शिस्त उभे.

"येत्या चोवीस तारखेला शाळेला पन्नास वर्षं होतात," बाई म्हणाल्या. "पुस्तिका काढायचीय. शाळेचा इतिहास लिहायचाय."

"बाई, मला इतिहासात एकोणीस आहेत."

"शंभरात?"

"पन्नासात. पण ढालीचं बघून."

ढाल माझी मैत्रीण. माझ्या पुढे बसते आणि आडवीउभी अशी आहे की तिच्यामागे मी काय करते ते फळ्यावरून दिसत नाही.

अडचण अशी की गेल्या वर्षी गच्चीवरची टाकी फुटली, पाणी थेट ऑफिसात. हजेरीपट, अहवाल, फोटो, बक्षिसांच्या याद्या, सगळ्याचा लगदा. वाचल्या फक्त शिक्षावह्या. सात खंड. त्या शिस्तच्या खोलीत लोखंडी कपाटात, सगळ्यांत वरच्या फळीवर असतात. म्हणजे पन्नास वर्षांचा पुरावा एवढाच उरलाय की कुणी काय वाईट केलं.

"यातून चांगलं तेवढं काढ," बाई म्हणाल्या. "भाषा भारदस्त पाहिजे. तुला ती जमते, खुर्च्यांच्या सूचनेत बघितली मी."

"हिलाच द्या," शिस्त म्हणाले. "वाचेल तरी, दुसऱ्यांनी काय दिवे लावलेत."

रोज शाळा सुटल्यावर एक तास, त्यांच्या खोलीत, त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर. म्हणजे मला शिक्षा म्हणून शिक्षा वाचायच्या आहेत.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

दोन दिवस झाले. चांगलं काही सापडलं नाही. पन्नास वर्षांत या शाळेत चांगलं काही झालेलंच नाही.

खंड पहिला, वर्ष पहिलं:

'छपरावर खडे टाकून पाऊस आल्याचे भासवले व तास लवकर सोडवून घेतला.'

'शाळेची नवी घंटा पाण्याच्या पिंपात बुडवून वाजवली. विचारले असता आवाजाला पोहता येते का ते पाहत होतो, असे उत्तर दिले.'

'शिक्षकांच्या सायकलला आरसा, घंटी, टोपली व एक कोंबडी बसवली.'

मी हसत होते तेवढ्यात शाळेसमोरचे बेकरीवाले काका तक्रार घेऊन आले. मोठं पोट, पिठाने पांढऱ्या भुवया, कायम वैतागलेले. त्यांच्या दारावरची 'चालू' आणि 'बंद' ही पाटी सकाळी कुणीतरी उलटी केली, दहा वाजेपर्यंत एक गिऱ्हाईक आलं नाही. कुणीतरी म्हणजे मीच, पण पुरावा नाही.

"काय ही कार्टी," ते म्हणाले. "आमच्या वेळी होती का हो असली?"

"तुमच्या वेळी कुठली असायला," शिस्त म्हणाले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. किती वेळ थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं. औषध घ्यायला हवं त्यांनी.

शनिवार, १० फेब्रुवारी

सापडलं. मला इतिहास सापडला.

झालं असं की वर्ष तिसरं वाचत होते. छपरावर खडे टाकणं एकदम बंद. वाटलं पोरं सुधारली. पुढच्याच पानावर 'गच्चीवरून कागदी विमाने सोडली, एक पाहुण्यांच्या चहात उतरले.' म्हणजे पोरं आहेत तशीच आहेत, पण पत्र्याच्या जागी गच्ची आली. शाळेची पक्की इमारत वर्ष तिसरं. लिहिलं.

मग भराभर लागत गेलं. चौथ्या वर्षी 'दिव्याचे बटण एका तासात एकशे चाळीस वेळा दाबले.' वीज आली. सहाव्या वर्षी 'कठड्यावरून घसरत खाली आला व संस्कृतच्या बाईंवर आदळला.' जिना आला, म्हणजे मजला चढला. सातव्या वर्षी 'वेणी बाकाला बांधली.' मुली आल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात 'वेणी बांधणाऱ्याच्या डब्यात पाल ठेवली.' मुली रुळल्या.

एकोणिसाव्या वर्षी कुणीतरी बेडकाला बाटलीतून सोडवून नळावर आंघोळ घातली. प्रयोगशाळा.

तास कधी संपला कळलं नाही. ढाल बाहेर ताटकळून गेली. "इतिहासासाठी थांबलीस?" तिने तीनदा विचारलं. तिला मी आजारी वाटले.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

आज थोडक्यात वाचले.

शिस्त मोठ्या बाईंकडे गेले होते. त्यांचा कोट खुर्चीवर. आता कोट समोर असताना माणूस किती वेळ वाचत बसणार. मी कोट चढवला, खुर्चीवर उभी राहिले, आणि ढालीला समोर उभं करून सुनावलं, "अहो कन्ये, आपण शाळेत शिकायला येता की हवा खायला? हवा खायची तर ती बाहेरच्या वर्गात जास्त आहे." हुबेहूब त्यांचा आवाज. ढाल हसून हसून जमिनीवर बसली.

आणि बाहेर खोकला. आज तर फारच झालेला होता त्यांना. दाराबाहेर उभं राहून दोन मिनिटं तरी खोकत होते. तेवढ्यात मी खाली उतरले, कोट जागेवर, ढाल खिडकीतून बाहेर. म्हणजे अर्धी बाहेर. ती त्या मापाची खिडकी नाही.

शिस्त आत आले. खुर्चीवर माझ्या बुटांचे दोन ठसे. त्यांनी खिशातून रुमाल काढला, ठसे पुसले आणि म्हणाले, "शिपाई हल्ली खुर्च्या नीट पुसत नाही." मग खिडकी बंद करायला गेले, ढालीचे पाय बघितले आणि म्हणाले, "हवा येऊ दे."

नजरही अधू झालीय बिचाऱ्यांची.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

सातही खंड संपले. दोन गोष्टी सापडल्या आणि दोन्हींनी डोकं फिरलंय.

पहिली. पन्नास वर्षांत दहा नोंदी कुणाच्याच नाहीत. नऊवाले एकतीस आहेत, पार पहिल्या खंडापासून, शिस्त यायच्या आधीपासून. दहावाला एकही नाही. एकेक नग असा की वाचून दंडवत घालावा, आणि नववी नोंद झाली की गप्प. नाव परत येतच नाही. नऊवर आलं की माणूस आपोआप सुधारतो की काय. मला भीती वाटतेय. आज सकाळपासून मला कुणाची खोडी काढावीशी वाटली नाही. आईला म्हटलं, कपाळाला हात लावून बघ.

दुसरी गोष्ट त्याहून भारी. शाळेतला सगळ्यांत मोठा अवली कोण, तर ज्याचं नाव कुणालाच कळलं नाही तो. 'अज्ञात विद्यार्थ्याने.' पानोपानी तोच.

'अज्ञात विद्यार्थ्याने गाढव दुसऱ्या मजल्यावर नेले. गाढव चढले, उतरेना. मधल्या सुट्टीपर्यंत ते दहावीच्या वर्गात होते.'

'अज्ञात विद्यार्थ्याने सर्व वर्गांची घड्याळे वेगवेगळी लावली. भूगोलाचा तास दोन दिवस झाला नाही.'

पन्नास वर्षं हे चाललंय आणि सापडला नाही. पण काही नोंदी अजब आहेत. 'अज्ञात विद्यार्थ्याचा पाय मुरगळल्याने त्यास घरी पोचवले.' 'अज्ञात विद्यार्थ्याच्या वडिलांना बोलावून समज दिली.'

ढाल म्हणाली, "वडील कळले, तर पोरगा कसा नाही कळला?"

"वडिलांना पुष्कळ मुलं असतील. नक्की कुठला ते ठरत नसेल."

"आणि पाय? घरी कुणाला पोचवलं मग?"

"पाय मुरगळलेल्याला."

ढालीला असल्या गोष्टी पटकन समजत नाहीत.

निघताना शिस्तना विचारलं, "सर, दहा झाले म्हणून दाखला दिला, असं कुणी आहे?"

"अजून वेळ आली नाही."

"का?"

"मुलं शहाणी आहेत आमची."

तोंडावर एक सुरकुती हलली नाही. एवढं वाचूनही ते असं म्हणू शकतात, म्हणजे त्यांनी स्वतः लिहिलेलं कधी वाचलंच नसणार.

मंगळवार, २० फेब्रुवारी

मोठ्या बाईंनी माझा इतिहास दुरुस्त करून दिला. मी लिहिलं होतं, 'सहाव्या वर्षी जिना झाला, हे संस्कृतच्या बाईंच्या अनुभवावरून सिद्ध होते.' त्याचं झालं, 'सहाव्या वर्षी वास्तूचा विस्तार होऊन विद्यार्थ्यांच्या प्रगतीस वेग आला.' बेडकाचं झालं 'प्राणिमात्रांविषयी करुणा'. गाढवाचं झालं 'दुसऱ्या मजल्यावर प्राणिशास्त्राचे प्रात्यक्षिक'. मुलींचं वाक्य होतं तसं ठेवलं, फक्त वेणी आणि पाल काढून टाकली. म्हणजे 'मुली' एवढंच उरलं.

अज्ञातवर दोन पानं होती. दोन्हींवर आडवी काट.

"बाई, हे खोटं नाहीये."

"पन्नास वर्षांनी एकदा कार्यक्रम होतोय. मुख्य पाहुणे निवृत्त न्यायाधीश आहेत, पहिल्या तुकडीचे. त्यांच्यासमोर गाढव?"

मग त्यांनी बॉम्ब टाकला. कार्यक्रमात हे वाचायचंही मीच. शाळेच्या माईकचा भरवसा नाही आणि माझ्या आवाजाला माईक लागत नाही.

"पण ऐक," त्या म्हणाल्या. "यातला एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला, तर दहावी नोंद. मी स्वतः सरांना सांगेन. वर्ष संपत आलंय, परीक्षा तोंडावर आहे, ते काही बघणार नाही."

शिस्त खिडकीबाहेर बघत होते. त्यांना खोकलाही आला नाही.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

मावशी येऊन गेली. म्हणाली, सहज आले. टेप घेऊन सहज आली. माझी उंची मोजली, म्हणाली पलंग पुरेल. मग टेबलावर वीस गणितं ठेवून गेली, 'बघून ठेव, ओझरतं.'

मी वाचणार. कागदावर आहे तसं, शब्दाला शब्द. प्रगतीस वेग, करुणा, प्रात्यक्षिक. आरशासमोर चारदा वाचलं. चौथ्यांदा मलाच जांभई आली.

शनिवार, २४ फेब्रुवारी

मी काय केलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे निदान मला तरी कळेल.

मैदानावर तीनेकशे माणसं. पुढे पाहुणे, मागे पालक, मध्ये जुने विद्यार्थी, टक्कल पडलेले, गुडघे धरून बसणारे, एकमेकांना "ओळखलंस का" विचारणारे आणि न ओळखता "हो" म्हणणारे. तिसऱ्या रांगेत बेकरीवाले काका, कडक इस्त्रीत. त्यांच्याशेजारी काकू. आईबाबा उजवीकडे. व्यासपीठावर न्यायाधीश, मोठ्या बाई, शिस्त.

मी वाचायला लागले. पहिलं पान बरं गेलं. दुसऱ्या पानाला पुढच्या रांगेतल्या माना पडायला लागल्या. न्यायाधीशांनी डोळे मिटले, विचार करत असल्यासारखे, पण हातातला गुच्छ हळूहळू खाली चालला होता. बेकरीवाले काका तर सरळ घोरत होते. आपल्याच शाळेचा इतिहास आणि त्यात आपण कुठेच नाही, तर माणूस करणार काय.

मी वाचलं, "दुसऱ्या मजल्यावर प्राणिशास्त्राचे प्रात्यक्षिक झाले."

आणि तोंड बंद करायच्या आत तेच पुढे बोललं, "खरं म्हणजे ते गाढव होतं."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. बेकरीवाले काका जागे झाले. न्यायाधीशांनी एक डोळा उघडला.

मोठ्या बाई दातांतल्या दातांत म्हणाल्या, "भुंगा, कागद."

कागदाकडे बघितलं. मनात मावशीचा पलंग आला, वीस गणितं आली. शब्द तर इकडचा तिकडे झालाच होता. आता उरलेले जागेवर ठेवून काय मिळणार होतं? मी फाईल मिटली.

"ज्यांच्या शिक्षावहीत नऊ नोंदी आहेत," मी म्हटलं, "त्यांनी कृपया उभं राहावं."

कुणी हललं नाही. मग मागून एक पांढऱ्या केसांच्या आजी गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठल्या आणि आजूबाजूला अशा बघायला लागल्या की, मग, बाकीचे कुठायत? तसे एकेक उठायला लागले. दोन, पाच, अकरा. माझी आईही उठली होती, पण लगेच बसली. पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणे. बेकरीवाले काका उठले तशी काकूंनी त्यांचा शर्ट खाली ओढला. शेवटी माझ्या शेजारी खुर्ची कुरकुरली. न्यायाधीश गुच्छासकट उभे.

"आता एक प्रश्न," मी म्हटलं. "नोंदीत लिहिलंय की गाढव अज्ञात विद्यार्थ्याने नेलं. हा कोण ते अजून कळलेलं नाही. कुणाला काही माहिती असल्यास..."

"मी नेलं," न्यायाधीश म्हणाले.

"साफ खोटं," तिसऱ्या रांगेतून बेकरीवाले काका. "गाढव माझं होतं."

"तुझ्या काकाचं होतं. नेलं मी."

"तू पुढून गाजर दाखवत चाललास. मागून ढकलत कोण होतं? लाथ कुणी खाल्ली? दाखवू का इथे?"

"अहो, बसा," काकू म्हणाल्या.

"बसतो कसला. पन्नास वर्षं हा माणूस माझ्या गाढवावर मिरवतोय."

त्यानंतर काही माझ्या हातात राहिलं नाही. आजींनी सांगितलं की घड्याळं त्यांनी लावली आणि भूगोल त्यांना आजही आवडत नाही. एका डॉक्टरांनी बेडूक कबूल केला. दोघं घंटेवरून भांडले आणि तिसरा म्हणाला, पाणी मी भरलं होतं, त्याचं कुणी नाव काढत नाही. सगळ्यांना बोलायचं होतं. माईक कधीचा बंद पडला होता, कुणाला लागलाच नाही. बक्षीस समारंभ राहिला, समूहगान राहिलं, आभार मानायचे राहिले. दीड तास तीनशे माणसं पोट धरून हसत होती आणि मोठ्या बाई एकट्याच ताठ बसल्या होत्या. नाही म्हणायला गाजराच्या वेळी त्यांनी तोंडावर पुस्तिका धरली होती.

शेवटी त्या उठल्या. "सर," त्या शिस्तना म्हणाल्या, "सोमवारी नोंद करा."

शिस्त म्हणाले, "हो बाई."

रविवार, २५ फेब्रुवारी

काही नाही. बॅग भरली. बाबा दारात उभं राहून म्हणाले, "मजा आली पण," आणि निघून गेले. मावशीने फोनवर बसचा नंबर सांगितला.

आई माझ्या युनिफॉर्मला इस्त्री करत होती. ह्याच शाळेच्या. म्हटलं, कशाला आता. ती म्हणाली, "उद्या चुरगळलेला घालून जाणार आहेस का?" तिला परिस्थिती कळलेली नाही.

सोमवार, २६ फेब्रुवारी

सकाळी शिस्तच्या खोलीत. त्यांनी सातवा खंड काढला, पेनाचं टोपण काढलं, लिहायला लागले. मी टेबलाच्या पलीकडून उलटं वाचत होते. इतक्या दिवसांत तेवढं शिकलेय.

'अज्ञात विद्यार्थिनीने सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमात गोंधळ घातला.'

"सर," मी म्हटलं, "तीनशे माणसांनी बघितलं मला."

"मी चष्मा काढला होता."

"मोठ्या बाईंनी माझं नाव घेऊन हाक मारली."

"गडबड किती होती. कुणाचं नाव घेतलं, कसं कळणार."

"सर, पण हे मी केलंय." मला खरंच राग आला होता. आयुष्यात केलेलं सगळ्यांत मोठं काम, आणि ते दुसऱ्याच्या नावावर. "निदान अर्धं नाव तरी घाला."

"नोंद झाली," ते म्हणाले. "जा."

बाहेर आले तर व्हरांड्यात रांग. न्यायाधीश, आजी, बेडूकवाले डॉक्टर, घंटेवाले तिघं, आणि सगळ्यांत पुढे बेकरीवाले काका. सगळ्यांना एकच पाहिजे होतं. शिक्षावहीतला 'अज्ञात' खोडून तिथे आपलं नाव. मला वाटलं, अरे, ही तर माझीच मागणी. मीही रांगेत शिरले. सगळ्यांत शेवटी, आजींच्या मागे.

शिस्तनी बेकरीवाल्यांचं पान काढलं. "घालतो नाव," ते म्हणाले. "पण नऊ तुमच्या आधीच्या आहेत. ही घातली की दहा. मग दाखला काढावा लागेल." मग पेन पुसत, कुणाकडे न बघता म्हणाले, "म्हणून तर नव्हतं घातलं. आमच्या आधीच्या सरांनी नाही, आणि मीही नाही."

आजींनी चष्मा काढून परत घातला. मी मनातल्या मनात एकतीस नावं मोजली, आणि त्यांच्यापुढचे सगळे अज्ञात मोजले. मग अज्ञाताचे वडील आठवले, मुरगळलेला पाय आठवला. ढालीला जे दोन मिनिटांत कळलं होतं त्याला मला दहा दिवस लागले. तिला हे मी सांगणार नाहीये.

न्यायाधीश खाकरले. "मला दाखला परवडायचा नाही," ते म्हणाले. "शाळाच झाली नाही म्हटल्यावर माझे सगळे निकाल फिरवावे लागतील." ते मागे सरकले. डॉक्टर पेशंट थांबलेत म्हणून गेले. घंटेवाल्यांनी आपसात ठरवलं की तिघांनीही नको.

बेकरीवाले काका मात्र हलले नाहीत. "द्या दाखला," ते म्हणाले.

"विचार करा."

"पन्नास वर्षं केला. गाढव माझं होतं. लिहा."

शिस्तनी खरंच कोरा दाखला काढला. जन्मतारीख, इयत्ता, सगळं विचारून लिहिलं. "शाळा सोडण्याचं कारण?"

"गाढव."

"वर्तणूक?" असं स्वतःशीच म्हणत त्यांनी लिहिलं, 'चांगली.'

"चांगली कशी?" काका भडकले. "दहा नोंदी आहेत माझ्या."

"दाखल्यावर आम्ही सगळ्यांना चांगलीच लिहितो."

काकांनी तो कागद दोन्ही हातांत धरून वाचला, मग परत वाचला, आणि घडी न घालता तसाच धरून फाटकातून बाहेर पडले. समोर बेकरीच्या दारात काकू उभ्या होत्या. "काय झालं?" त्यांनी रस्ता ओलांडायच्या आधीच विचारलं.

"काढलं मला शाळेतून," काका म्हणाले. इतक्या आनंदात त्यांना मी कधी बघितलं नव्हतं.

आजी पुढे झाल्या, शिस्तच्या टेबलावरच्या वहीवर नुसता हात ठेवला आणि काही न मागता निघून गेल्या. मग माझा नंबर.

"तुझं काय?" शिस्त म्हणाले.

वही उघडीच होती. शाई वाळायची होती अजून. बोट लावलं असतं तर 'अज्ञात' पुसला गेला असता.

"काही नाही, सर," मी म्हटलं. "रांग दिसली म्हणून उभी राहिले."

"मग जा वर्गात."

पहिला तास गणिताचा होता. तरी पळत गेले.